मुक्काम आणि कायम

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पत्ता लिहिताना आपण 'मुक्काम पोस्ट पिंपळी, तालुका बारामती' असं लिहितो. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या गेल्या त्या गावालाही आपण मुक्कामच म्हणतो, याची मला गंमत वाटते. मुक्काम म्हणजे खरं तर थांबा. आज इथं, उद्या पुढं. त्याच्या उलट शब्द 'कायम'. नोकरीत कायम झाला की माणूस सुटला, असं आपण म्हणतो. बोलताना हे दोन शब्द एकमेकांच्या विरुद्ध टोकाला असतात. पण दोन्ही अरबीतून फारसीच्या वाटेनं मराठीत आले आणि दोघांचा धातू एकच आहे. त्याचा अर्थ उभं राहणं. त्याच धातूचा तिसरा शब्द गेल्या पन्नास वर्षांत आपल्याकडच्या अनेक घरांत शिरला, तो म्हणजे 'इकामा'. सौदी अरेबियात परदेशी माणसाला राहण्याचा जो परवाना मिळतो त्याचं हे नाव. मशिदीत अजान झाल्यावर, नमाजाला उभं राहण्याआधी जी दुसरी हाक देतात तिचंही नाव तेच. आपल्याकडे तिला इकामत म्हणतात.

श्रोतेहो, मला बोलायचंय ते या तीन शब्दांमधल्या अंतराबद्दल. परदेशी जाणं ही एक गोष्ट, तिथं शिरणं दुसरी आणि तिथं राहणं तिसरी. तिन्हींचे परवाने वेगळे आणि ते देणारे हातही वेगळे. आपण व्हिसा हातात पडला की पेढे वाटतो. नातवंडं सांभाळायला अमेरिकेला निघालेल्या आजी-आजोबांना तिथं उतरल्यावर कळतं, की व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहायची मुदत विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती सहसा सहा महिन्यांची असते. व्हिसा म्हणजे दारावर थाप मारण्याची परवानगी. आत किती दिवस बसायचं ते घरधनी सांगणार.

आमच्या पिंपळीवरून दर आषाढीला तुकोबांची पालखी जाते. बारामतीचा मुक्काम आटोपला की पिंपळी-लिमटेकवरून काटेवाडीकडे. लहानपणी आम्ही पोरं रस्त्याकडेला उभी राहायचो. लाखो माणसं चालत जायची आणि कुणी कुणाला 'तू कुठला, कागद दाखव' असं विचारत नसे. त्यामुळे मला बरेच दिवस वाटायचं, की पूर्वी सगळीकडे असंच असणार; कागदाची भानगड इंग्रजांनी आणली. पण तसं नाही. 'परवाना', 'दस्तक', 'राहदारी' हे शब्द इंग्रजी अमदानीच्या कितीतरी आधीचे आहेत. पेशवाईत वाटेवरच्या चौक्यांवर राहदारीचं दस्तक दाखवावं लागे आणि पुण्यात आल्या-गेल्या माणसाची नोंद ठेवणं हे कोतवालाचं काम होतं.

समुद्रावर तर कडक कारभार. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात 'कार्ताझ' नावाचा परवाना सुरू केला. तो नसेल तर जहाज लुटायला ते मोकळे. आदिलशाहीतलं आपलं दाभोळ असो की मोगलांचं सुरत, हजला निघालेल्या जहाजालाही कार्ताझ लागे. त्यावर मरियम आणि येशूच्या प्रतिमा असत, अशी नोंद अकबराच्या दरबारातल्या बदायुनीनं केली आहे. असा कागद जवळ ठेवून हजला जाणं धर्माला धरून आहे का, यावर त्या काळी वाद झाले. वाद झाले तरी कागद घ्यावाच लागला.

या कार्ताझच्या इतिहासातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ साली फतेहपूर सिक्रीहून हजला निघाली. वय पन्नाशीच्या पुढं, म्हणजे माझ्याएवढंच. बादशहाची आत्या, बाबराची लेक. पण सुरतेला ती जवळजवळ वर्षभर अडकून पडली. पोर्तुगीजांचा परवाना सुटेना. अखेर त्यांना दमणजवळचं बुत्सर नावाचं गाव देऊ केलं, तेव्हा जहाज निघालं. आज एजंटला पैसे मोजणाऱ्या माणसानं हे ऐकावं. तेव्हाचा दर एक गाव असा होता.

पण खरी गोष्ट पुढं आहे. बेगम आणि तिच्याबरोबरच्या बायका मक्केला पोचल्या आणि तिथंच राहिल्या. एक हज झाला, दुसरा झाला, असे चार झाले. खैरात मोठी, त्यामुळे भोवती गर्दी जमू लागली. त्या वेळी मक्का तुर्कस्तानच्या सुलतानाच्या अमलाखाली होती. त्याच्या कानावर हे गेलं आणि १५७८ ते १५८० या काळात त्याच्या दरबारातून मक्केला फर्मानं सुटली, की हिंदुस्थानातून आलेल्या या शाही बायकांना आता परत पाठवा. मुसलमान बादशहाच्या घरच्या मुसलमान बायका, अल्लाच्या घरी आलेल्या. आणि दुसरा मुसलमान बादशहा म्हणतो, पुरे झालं. परतीच्या वाटेवर एडनजवळ जहाज फुटलं, तिथं आणखी काही महिने गेले आणि १५८२ साली बेगम घरी पोचली. मुदत संपल्यावरही राहिलेल्या माणसाला परत पाठवण्याची याहून जुनी आणि याहून मोठ्या घरची हकीकत मला ठाऊक नाही. धर्म एक असला की दार उघडं राहतं, अशी आमच्यातल्या भाबड्या लोकांची समजूत असते. ती तेव्हाही खोटी होती.

इंग्रजांच्या काळात मुंबई हे हजचं मोठं बंदर झालं. गरीब यात्रेकरू जायचे आणि परतीच्या पैशांअभावी जेद्द्याला अडकायचे. १८८६ मध्ये सरकारनं या प्रवासाची व्यवस्था टॉमस कुक कंपनीकडे दिली. पुढं १९२५ च्या कायद्यानं परतीचं तिकीट काढणं किंवा तेवढे पैसे आधी जमा करणं सक्तीचं झालं. व्हिसा देताना आज परतीचं तिकीट विचारतात, त्याचा हा एक जुना अवतार. हेतू यात्रेकरूची सोय हा होता, यात खोटं नाही. पण माणूस गेला तर तो परतलाच पाहिजे, हा विचार त्यात पक्का बसला.

त्याच इंग्रजांनी दुसरीकडे नेमकं उलट केलं. १८३४ पासून हिंदुस्थानातले मजूर करारावर मॉरिशसला जाऊ लागले. १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख गेले. बहुतेक बिहार आणि मद्रासकडचे, पण मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले आणि घाटावरचे मराठी लोकही होते. अंगठा उठवलेला तो करार म्हणजे 'ॲग्रीमेंट'. त्याचं पुढं 'गिरमिट' झालं. करार ठरावीक वर्षांचा. तो संपल्यावर माणूस मोकळा झाला असं वाटेल, पण १८६७ च्या कायद्यानं अशा जुन्या मजुरानंही फोटो लावलेलं तिकीट सतत जवळ बाळगलं पाहिजे असं ठरलं. तिकीट नसलं की पोलीस धरत. ते फोटो मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेले आहेत. खाली नंबर, वर घाबरलेला चेहरा. आपल्या पासपोर्टवरच्या चेहऱ्याचे पूर्वज म्हणायचे ते.

आता गंमत बघा. या लोकांना परतीचं भाडं द्यायचं पुढं पुढं सरकारनंच बंद केलं. कारण मळेवाल्यांना ते तिथंच राहायला हवे होते. तिकिटावर आलेले लोक कायम झाले. आज मॉरिशसला गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते, तिथल्या रेडिओवर मराठी कार्यक्रम लागतात. ज्या घाटाच्या पायऱ्या चढून ते आले, त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं. हे चांगुलपणातून झालं असं मी म्हणणार नाही. माणसाला कायम करायचं की मुक्कामावर ठेवायचं, हे त्याच्या श्रमाची गरज कशी आहे त्यावर ठरलं, एवढंच.

फाळणीनंतर तर 'कायम' हा शब्दच परवान्यावर आला. जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून भारतात येण्यासाठी परमिट लागू झालं. त्यात तात्पुरत्या भेटीचं परमिट वेगळं आणि कायम राहायला परतणाऱ्याचं वेगळं. भीतीनं चार महिन्यांसाठी तिकडं गेलेला माणूस कोणतं परमिट घेऊन आला, यावर तो कुठल्या देशाचा हे ठरू लागलं. दोन्ही देशांत पासपोर्टची सक्ती १९५२ च्या ऑक्टोबरात आली. त्या चार वर्षांत कितीतरी घरं एका शब्दावर दुभंगली. आमचा भाग त्या वावटळीपासून लांब होता, पण त्याची धास्ती मी घरातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ऐकली आहे. कागद जपून ठेवा, असं ते सारखं म्हणायचे. रेशनकार्डसुद्धा पेटीत कुलपाखाली असायचं.

स्वातंत्र्य मिळालं तरी परदेशी जायचा हक्क नागरिकाला लगेच मिळाला नव्हता, हे अनेकांना ठाऊक नसतं. पासपोर्ट द्यायचा की नाही ही सरकारची मर्जी होती. त्यासाठी धड कायदाच नव्हता. सतवंतसिंग साहनी नावाच्या व्यापाऱ्याला सरकारनं पासपोर्ट परत मागितला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि एप्रिल १९६७ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल लागला, की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत पासपोर्टचा कायदा आला. पुढं मनेका गांधींचा पासपोर्ट काढून घेतला गेला, त्या खटल्याच्या १९७८ च्या निकालानं हा हक्क आणखी पक्का केला. हे झालं जायच्या हक्काचं. राहायचा हक्क आपलं न्यायालय कसा देणार? तो परक्या दाराचा.

ते दार आमच्या काळात उघडलं ते आखातात. एकेकाळी आखात आपल्याला इतकं परकं नव्हतं. कुवेतमध्ये १९६१ पर्यंत आणि दुबई, अबूधाबीकडं १९६६ पर्यंत रुपया चालायचा. शेवटची काही वर्षं रिझर्व्ह बँकेनं तिकडच्यासाठी काढलेल्या वेगळ्या नोटा होत्या. मग तेल आलं आणि तेलाबरोबर हिशेब आला. कुवेतनं १९५९ या एकाच वर्षात दोन कायदे केले, एक नागरिकत्वाचा आणि दुसरा परदेशी माणसांच्या वास्तव्याचा. घरचे कोण आणि पाहुणे कोण हे त्या वर्षी लिहून टाकलं. पाहुण्याला एक 'कफील' लागतो. कफील म्हणजे जामीन. माणूस त्याच्या जामिनावर येतो, त्याच्याकडेच काम करतो आणि ते काम सुटलं की राहायचा आधारही सुटतो. सौदीत तर बाहेर पडायलाही त्याची संमती लागायची. अलीकडे यात बदल झाले. कतारनं २०१८ आणि २०२० मध्ये, सौदीनं २०२१ मध्ये बरेच नियम सैल केले. पण सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत गेलेल्यांचं सगळं आयुष्य जुन्या नियमांत गेलं.

बारामती-इंदापूर हा कालव्याचा आणि उसाचा भाग. नीरा डावा कालवा इंग्रजांच्या काळातला, मग साखर कारखाने आले. ज्याच्याकडे बागायत त्याला परदेशाची गरज नव्हती. गरज होती ती बिनजमिनीच्या माणसाला. त्यात आमचे मुलाणी, आतार, शिकलगार, तांबोळी बरेच. कोकणासारखी इथं घरटी माणसं गेली नाहीत. तुरळक गेली, पण गेली.

आमचे एक मामू १९८९ मध्ये सौदीला गेले. गवंडी होते, सातवी शिकलेले. त्यांच्या पासपोर्टवर शिक्का होता, त्याला 'ईसीआर' म्हणतात. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याचा हा शिक्का. कमी शिकलेला माणूस ठरावीक देशांत कामाला जायचा असेल तर मुंबईसारख्या शहरातल्या 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'च्या कचेरीतून मंजुरी घ्यायची. पगार किती, करार कसला, हे सरकारनं तपासावं आणि फसवणूक होऊ नये हा उद्देश. माझ्या पासपोर्टवर तो शिक्का नाही, कारण मी बी.ए. आहे. माझ्या पदवीचा कविता लिहिताना काही उपयोग झाल्याचं मला आठवत नाही. इथं मात्र झाला. पुढं ही अट खाली येत येत दहावीपर्यंत आली. २०१८ च्या जानेवारीत तर सरकारनं ठरवलं, की ईसीआरवाल्यांना नारिंगी रंगाचा पासपोर्ट द्यायचा. शिक्का आतल्या पानावर असतो, रंग लांबून दिसतो. ओरड झाली आणि महिना संपायच्या आत तो बेत मागं घेतला गेला. बरं झालं.

मामू दर दोन वर्षांनी सुट्टीवर यायचे. एकदा त्यांनी इकामा माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, यात काय काय लिहिलंय ते वाच. अरबी अक्षर त्यांनाही येत होतं, पण अर्थाची खात्री नव्हती. मी वाचलं. कफिलाचं नाव होतं. धंद्याच्या जागी 'आमिल', म्हणजे मजूर, असं होतं. आयुष्यभर ओळंबा धरणारा माणूस कागदावर नुसता मजूर. मग मी त्यांना धातूची सगळी हकीकत सांगितली, की इकामा म्हणजे मूळ अर्थ उभं राहणं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे उभंच ऱ्हायाचं. बसायचं न्हाई." मी त्यावर कविता लिहायचा बराच प्रयत्न केला. जमली नाही. त्यांचं वाक्यच पुरेसं होतं.

उभं राहण्याचा हा प्रकार किती कच्चा असतो ते मामूंनी दुरून पाहिलं होतं. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं आणि एक लाख सत्तर हजारांहून जास्त भारतीयांना परत आणावं लागलं. अम्मानहून एअर इंडियाच्या ४८८ फेऱ्या झाल्या. वीस-वीस वर्षांचे संसार एका सुटकेसमध्ये आले. २०१७ पासून सौदीनं बायकामुलांवर माणशी दरमहा शुल्क लावलं, ते दरवर्षी शंभर रियालनं वाढत २०२० मध्ये चारशेवर गेलं. मधल्या पगाराच्या कितीतरी लोकांनी कुटुंबं परत पाठवली. शाळेत शिकणारी पोरं अर्ध्या वर्षात मायदेशी आली, जो देश त्यांनी सुट्टीपुरताच पाहिला होता.

आणि वय. तरुणपणी कुणी विचार करत नाही, पण इकामा कामाला बांधलेला असतो आणि काम वयाला. कुवेतनं २०२१ च्या सुरुवातीपासून साठी ओलांडलेल्या आणि पदवी नसलेल्या परदेशी कामगारांचे परवाने वाढवायचे नाहीत असं ठरवलं. वाद झाला, २०२२ मध्ये जादा शुल्क आणि विमा घेऊन मुभा दिली गेली. जास्तीत जास्त घाम गाळलेला माणूस नेमका त्या यादीत होता. संयुक्त अरब अमिरातीनं सप्टेंबर २०१८ मध्ये निवृत्तांसाठी पाच वर्षांचा व्हिसा जाहीर केला. वयाची अट पंचावन्न. पण त्याबरोबर वीस लाख दिरहमची मालमत्ता, किंवा दहा लाख दिरहमची शिल्लक, किंवा महिना वीस हजार दिरहमचं उत्पन्न, यांपैकी एक हवं होतं. महिना हजार-दीड हजारावर राबणाऱ्या गवंड्यानं हे वाचून काय करायचं? ज्यानं इमारत बांधली त्याला तिच्यात म्हातारं होता येत नाही; ज्यानं विकत घेतली त्याला येतं. यात मला त्या देशांचा खास दुष्टपणा दिसत नाही. पैसेवाल्याला निवृत्तीचा व्हिसा देणारे देश जगात बरेच आहेत, हिशेब सगळीकडं सारखाच. फक्त आपल्या माणसाला तो निघताना कुणी समजावून सांगत नाही.

आपल्या सरकारनं एकदा प्रयत्न केला होता. २०१२ मध्ये ईसीआरवाल्या कामगारांसाठी महात्मा गांधी प्रवासी सुरक्षा योजना आणली. परदेशात असताना थोडे पैसे भरायचे, सरकार थोडी भर घालणार, म्हातारपणी पेन्शन. फारच थोडे लोक त्यात आले आणि २०१७ मध्ये ती बंद पडली. केरळनं त्याआधीच, २००८ मध्ये, कायदा करून परदेशातल्या आपल्या लोकांसाठी कल्याण मंडळ केलं. वर्गणी भरणाऱ्याला साठीनंतर पेन्शन मिळतं. तिकडं परत आलेला माणूस हा सार्वजनिक प्रश्न समजला जातो. आपल्याकडं तो त्याच्या घरचा प्रश्न असतो.

मामू २०१२ मध्ये कायमचे परत आले, अठ्ठावन्नाव्या वर्षी. तेवीस वर्षांत तीन पोरींची लग्नं आणि चार खोल्यांचं घर झालं होतं. हातात काही उरलं नव्हतं. पासष्ट पूर्ण झाल्यावर श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरायला ते माझ्याकडं आले. उत्पन्नाचा दाखला, वयाचा दाखला, सगळं जुळवलं. मग एक अट आली. अर्जदाराचं महाराष्ट्रात किमान पंधरा वर्षं वास्तव्य हवं. मामूंनी बोटं मोजली. परत आल्याला सातच वर्षं झाली होती. गेल्याआधीची पस्तीस धरायची का, तिकडची तेवीस कुठं टाकायची, यावर आम्ही दोघं बराच वेळ बोललो. शेवटी त्यांच्या बायकोनं, आमच्या मामींनी, पेटीतून जुनं रेशनकार्ड काढून आणलं. मामू सौदीत असताना एकदाही त्यांचं नाव त्यावरून कमी केलेलं नव्हतं. सगळी वर्षं ते कागदावर पिंपळीतच होते.

कचेरीतल्या माणसानं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि अर्ज घेतला.